निंबाच्या नावाची मूठ

सुरतेजवळ उधन्यातल्या लूमच्या कारखान्यात निंबा चोवीस वर्षं कापड विणत होता, आणि त्यातली निदान वीस वर्षं तो बोलत होता. कापड शेठच्या नावावर जायचं, बोलणं मात्र खास निंबाचं. धुळ्याकडची चार माणसं कुठे जमली की हा मधोमध बसायचा आणि देशातल्या लोकांनी काय विकत घ्यावं याचा निकाल लावून मोकळा व्हायचा. परदेशी मालावर त्याचा फार राग. तो स्वतः दिवसाचे बारा तास ज्या मशीनवर राबायचा, तिच्यावरची अक्षरं कुठल्या मुलखातली हेही त्याला सांगता आलं नसतं. हिरवं बटण चालू, लाल बंद, एवढ्यावर त्याचं भागत होतं. पण मशीन शेठची, तेव्हा ते पापही शेठचंच.

यंदा भाऊबंदांची कानबाई देवी पहिल्यांदाच सुरतेत, निंबाच्या घरी बसायची होती. इतकी वर्षं ती गावी बसायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जुन्या नारळाला नथ-डोळे लावून, लुगडं नेसवून आई म्हणून चौरंगावर बसवायचं आणि रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा, नैवेद्य दाखवायचा. आता गावी कुलपंच जास्त आणि माणसं सगळी इकडे. म्हणून आईच गाडीत बसून आली. रोटांचा नियम कडक असतो. कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे, तेच दळायचे आणि त्याचेच रोट कुळातल्या माणसांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा मिळत नाही. ज्याच्या नावाची मूठ परातीत नाही, तो त्या वर्षापुरता कुळात नाही.

तयारीच्या बैठकीत निंबाला बोलण्याची उबळ आली. "मन्हा घरमां आईसमोर परदेशी दोरासुद्धा लागाव नही," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर निंबा कसला. "लागना, तर मन्हा नावनी मूठ धरू नका." घराण्यात सगळ्यांत वडील असलेल्या लोटूदादाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. लोटूदादा कमी बोलायचा आणि ऐकलेलं विसरत नसे, हे निंबाला नंतर आठवलं.

केळीचे खांब, फुलं, पानं सहज मिळाली. मखराच्या मागचा पडदा निंबाने स्वतःच्या हाताने विणलेल्या कापडाचा लावला. अडलं ते लायटिंगच्या माळेवर. माळेवाचून मखर म्हणजे सुरतेत अंधारच समजतात, आणि बायकापोरांना ती हवीच होती.

उधन्यातल्या पहिल्या दुकानदाराने सात खोकी काढून दाखवली. सातही खोकी उलटी करून निंबाने खालची बारीक अक्षरं पाहिली आणि नाक मुरडलं. "देशी दाखवा." दुकानदार त्याच्याकडे असा बघायला लागला, जणू गिऱ्हाइकाने कंदिलाची वात मागितली. दुसऱ्याने सांगितलं, देशी होती, पण मागे विकली गेली. मागे म्हणजे कधी, ते त्यालाही आठवेना. पर्वत पाटिया भागातल्या एका मोठ्या दुकानात गादीवर बसलेल्या शेठने तर निंबालाच शिकवलं. "काका, देशी कोई मांगतुं ज नथी," तो हसत म्हणाला. मागणाराच नाही, तर ठेवायची कुणासाठी? त्याच्या डोक्यावर, दुकानाच्या दारावर, हा एवढा मोठा कागदी झेंडा लावलेला होता. निंबाने झेंड्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि दुकानाच्या पायरीवरच बडबडायला सुरुवात केली. अख्ख्या देशाला नेसवणारं शहर आणि त्याला चार बल्ब ओवता येत नाहीत, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. ऐकणारे ऐकून पुढे जात होते आणि तीच माळ घेत होते.

कुणीतरी म्हणालं, सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत माळा बनतात. निंबाने त्यासाठी खाडा केला, दोन रिक्षा बदलल्या, वॉचमनची मनधरणी केली आणि आत गेला. आत खोकी बनत होती. माळांचीच, पण नुसती खोकी. मॅनेजरने मोठ्या कौतुकाने एक रिकामं खोकं त्याला भेट दिलं.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येताना, घराशेजारच्याच एका टपरीवजा दुकानात त्याला हवी ती माळ सापडली. खोक्यावर तिरंगी पट्टी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'भारत में निर्मित'. निंबाने भाव केला नाही. ते खोकं काखोटीला न मारता, लेबल लोकांना दिसेल असं छातीशी धरून तो गल्लीतून घरी आला.

घरात नेहमीचा थिनरचा वास होता. त्याची बायको पुष्पाबाई घरबसल्या जॉबवर्क करायची. सकाळी गोण्या यायच्या, चार वाजता रिक्षा भरून जायच्या. निंबा सातला घरी येई तेव्हा उरे तो फक्त वास. त्या वासाला तो रोज शिव्या घालायचा, पण गोणीत काय असतं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. बायकोच्या कामाला तो 'तुन्हा कचरा' म्हणायचा.

पुष्पाबाईने गहू निवडता निवडता खोकं हातात घेतलं. लेबलाचा डावीकडचा खालचा कोपरा नखाने किंचित आत मुडपलेला होता. या कामातल्या बाया आपापला कोपरा असा मुडपतात. लेबल सुटून आलं की ठेकेदाराला कळतं, कोणाच्या हातचं ते.

"हाई मन्हं शे," ती म्हणाली.

निंबाला कळेना. मग तिने समजावून सांगितलं, पोराला सांगावं तसं. थिनरच्या फडक्याने जुनी अक्षरं पुसायची आणि त्या जागी ही पट्टी चिकटवायची. गेल्या महिन्यात टॉर्च होते, त्याआधी कंगवे. या महिन्यात माळा.

निंबाने खोकं तिच्या हातातून घेतलं आणि मुडपलेला कोपरा अंगठ्याच्या नखाने सरळ करू लागला. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. भाऊबंद मुठी धरायला आले होते.

लोटूदादाने खोकं उचललं, लेबल मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांना दाखवलं. "निंबानी शोधी काढी शेवटी," कोणीतरी म्हणालं. पुष्पाबाईने परात पुढे सरकवली आणि मान खाली घातली. दादाने नावं घ्यायला सुरुवात केली. निंबाचं नाव आलं तेव्हा दादाचा गव्हाने भरलेला हात क्षणभर वर थांबला आणि त्याने निंबाकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. पण पर्वत पाटियाच्या पायरीवरून गर्जणारा हा मर्द आपल्या अंगठ्याचं नख बघत बसला. मूठ परातीत पडली.

रविवारी मखर झगमगलं. जो तो निंबाची पाठ थोपटत होता, आणि पुढच्या वर्षीही आईला इथेच बसवायचं असं ठरून गेलं. निंबा हसत होता, पण आतून त्याला स्वतःची किळस आली होती. दुकानदारांनी निदान पैशासाठी खोटं विकलं, याने आईसमोर फुकट विकलं. आरतीनंतर रोट वाटले तेव्हा पोट दुखतं म्हणून तो मागच्या खोलीत जाऊन बसला.

पुष्पाबाई रोटाचं ताट घेऊन त्याच्यामागे आली.

"मन्हाकडथाईन खावाव नही," तो म्हणाला. "त्यामां मन्ही मूठ शे."

"नही," ती म्हणाली. "चक्कीवर धाडाना आगोदर तुमनी मूठ मी काढी टाकी. रोजना गहूमां टाकी दिधी. काल डब्बामां लई गयात, त्या पोया त्याच गहूना."

मूठ नाही म्हणजे यंदा तो कुळातला नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिने ताट त्याच्यासमोर ठेवलं.

"आते खा. ह्यामां खोटं काहीच नही."