भिंतीवरची डावी नळी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डोंगरावर चालवायच्या सायकली दुरुस्त करतात. हात कसबी, पण जीभ कानशीसारखी. दुकानाचा गल्ला मी सांभाळते, त्यामुळे ती रोज माझ्या कानांवरून फिरते.

त्यांचं तरुणपण एका कारखान्यात यंत्रांना तेलपाणी करण्यात गेलं. आपल्या हातून एकही यंत्र कधी कोरडं राहिलं नाही, हे ते सासुरवाडीला जेवायला आले तरी सांगायचे. कारखाना बंद पडला आणि त्यांनी हे दुकान थाटलं. सायकलीत त्यांचा जीव अडकला तो पुढच्या फोर्कमध्ये. पुढचं चाक धरून ठेवणारे हे दोन पाय. वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड पायांत सरकतात, खड्डा आला की दबतात, पुन्हा वर येतात. नळीवर धूळ राहिली किंवा आतलं तेल संपलं, की झिलई उडते आणि फोर्क कायमचा कामातून जातो.

असे कामातून गेलेले फोर्क भाऊजी भिंतीवर टांगायचे. प्रत्येकाखाली चिठ्ठी, तीही मालकाच्या उद्धारासकट. ‘बँकवाले, चिखल प्रिय.’ ‘डॉक्टर, स्वतः रोज आंघोळ करतात.’ नवं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी भिंतीसमोर उभं करायचं. लोक ओशाळून हसायचे. भाऊजींना वाटायचं, आपण जगाला शहाणं करतोय.

या भिंतीवर सगळ्यात शेवटी लागला तो ग्रंथपाल बाईंचा फोर्क. बाई पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकल्या. आयुष्यभर हळू आवाजात बोलायची सवय, त्यामुळे दुकानातही पुस्तक मागितल्यासारखं पंक्चरचं सामान मागायच्या. पण डोंगर उतरून आल्या की चेहरा असा फुललेला असायचा, की मीही गल्ला सोडून बघत बसायची. त्यांनी फोर्कची सर्व्हिस करून नेली आणि थोड्याच दिवसांत परत आल्या.

“पुढून बारीक घासल्यासारखा आवाज येतोय,” त्या म्हणाल्या.

दुकान भरलेलं होतं. भाऊजींनी सायकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. “बाई, डोंगर म्हणजे वाचनालय नाही. तिथे आवाज येणारच!”

सगळे खो खो हसले. बाईही हसल्या आणि सायकल घेऊन गेल्या. पुढे पावसाळा सरल्यावर बाई पुन्हा सायकल घेऊन आल्या, तेव्हा नळीची झिलई पार उडालेली होती. भाऊजींनी फोर्क उतरवला, सगळ्यांसमोर बोट फिरवून दाखवलं आणि चिठ्ठी लिहिली, ‘ग्रंथपाल बाई, पुसायचा कंटाळा.’ बाई लाल झाल्या. “मी पुसत होते हो,” एवढंच पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “कुणी गिऱ्हाईक मिळालं तर सायकल विकून टाका. मला हे जमायचं नाही.”

सायकल मागच्या खोलीत पडून राहिली. एका सकाळी मी भिंतीवरची धूळ झटकत होते. बाईंच्या फोर्कपाशी हात थांबला.

“भाऊजी, डावीच नळी कशी झिजली? उजवी तर आरशासारखी आहे. बाई काय अर्धीच सायकल पुसायच्या?”

मी थट्टेत म्हटलं होतं. भाऊजींनी मात्र हातातला पाना खाली ठेवला. फोर्क भिंतीवरून काढला आणि त्याचे जाड पाय खोलले. उजव्या पायात बोट घातलं, ते तेलाने माखून आलं. डाव्यात घातलं, बोटाला नुसती राखाडी भुकटी. ते स्टुलावर बसले आणि उठेचनात.

“सर्व्हिस करताना डाव्यात तेल घातलंच नाही मी,” ते म्हणाले. “उजवीकडे घातलं आणि तेवढ्यात एक जण चिखलाने माखलेली सायकल घेऊन आला. त्याला भिंत दाखवायला उठलो. परत आलो आणि पाय सरळ बंद करून टाकले.”

“मग सायकलीवरून फोर्क उतरवलात तेव्हा दिसलं नाही?”

“तेव्हा कुठे बघितलं? चूक त्यांचीच, हे आधीच ठरवलं होतं ना.”

दुपारी त्यांनी नवा फोर्क बसवायला घेतला. म्हणाले, बाईंना सांगू, कंपनीने बदलून दिला. माझं डोकंच सणकलं. “म्हणजे फोर्क नवा आणि कंटाळा जुनाच, बाईंच्या नावावर? चारचौघांत बोलताना जीभ नव्हती अडखळली तुमची!” ताई जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा न उघडताच ठेवून दिला. तेवढ्यानेच ते पार गळाले.

“तू चल सोबत,” ते मला म्हणाले.

वाचनालयात सगळी टेबलं भरलेली होती. बाई काउंटरवर पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. भाऊजी वाकून काहीतरी पुटपुटले. जन्मात प्रथमच त्यांचा आवाज इतका हळू झालेला मी ऐकला.

“ऐकू नाही आलं,” बाई म्हणाल्या. “जरा मोठ्याने बोला.”

“तुमच्या फोर्कमध्ये मी तेल घालायला विसरलो होतो! चूक माझी होती!”

वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्या सोबत उभं राहायची लाजही वाटली.

बाईंनी शिक्का खाली ठेवला. “मी आवाज येतो म्हणून सांगायला आले होते.”

“हो.”

“तुम्ही हसलात. मग मला वाटलं, माझेच कान खोटे. ते भिंतीवरून काढलंत का?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. नवा फोर्क बसवला, माफीचं बोलणं वाटेत घोकलं, पण चिठ्ठी अजून तिथेच लटकत होती. सकाळपासून किती जणांनी वाचली असेल!

“नाही,” ते म्हणाले.

“मग आधी ते काढा,” बाई म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं पुस्तक घेतलं.

भाऊजींनी परत येऊन सगळीच भिंत रिकामी केली. चिठ्ठ्या फाडून टाकल्या. खिळे तेवढे राहिले.

बाई रविवारी आल्या. आधी भिंतीकडे बघितलं, मग सायकलीकडे. भाऊजींनी नवा फोर्क त्यांच्यासमोर पुन्हा उघडला, उजव्या पायात तेल घातलं, डाव्यात घातलं. मधेच एक जण दारात येऊन हाका मारत होता, पण त्यांनी मान वळवली नाही. बाईंनी हँडलवर भार टाकून फोर्क दाबला, कान जवळ नेला.

“येतोय का आवाज?” भाऊजींनी विचारलं. गिऱ्हाइकाला काही विचारताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

“आता तरी नाही,” बाई म्हणाल्या. “आला तर सांगायला येईन.”

भाऊजींनी होकाराची मान हलवली, पण नजर काही वर उचलली नाही.