दहापैकी दोन मार्कांचा मामा

"दार उघड! आधी दार उघड, मग काय ते बोल!"

माझी धाकटी बहीण बाथरूमचं दार असं बडवत होती, की खालच्या मजल्यावरच्यांची पितळी भांडी हादऱ्यानेच घासून निघाली असतील. तिचा फोन आला तेव्हा मी वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होतो. तिथून स्कूटरवर निघालो तो दहा मिनिटांत डोंबिवलीत हजर. (भाचीने इथे काट मारलीये. सव्वा तास लागला, म्हणते. हे लिखाण तिने पास केल्याशिवाय कुठेही द्यायचं नाही, अशी अट आहे.)

झालं होतं असं. भाची अकरावीत. कॉलेजचं काहीतरी प्रिंट काढायला तिने इमारतीखालच्या झेरॉक्सवाल्याला मोबाईलवर पाठवलं आणि डोक्याला शिकेकाई लावून अंघोळीला गेली. झेरॉक्सवाला चांगला माणूस. आख्ख्या गल्लीची आधार कार्डं त्याला पाठ आहेत. त्याने पहिलं पान काढलं, मथळा वाचला, मशीन बंद केलं आणि ते पान घेऊन स्वतः चार मजले चढून आला. "वहिनी, माझं काम नाही हे, पण तुम्ही एकदा बघा. मला बरं वाटत नाहीये."

पानावर मोठ्या अक्षरांत होतं, 'किशोरवयीन मुलांच्या आत्महत्या'. बाकी काही नाही. बहिणीला पुढचं वाचायला पुढचं पानच नव्हतं. मग मला फोन, आणि मी पोहोचेपर्यंत बिचारी दाराबाहेर खुर्ची टाकून आतल्या पाण्याचा आवाज ऐकत बसलेली. माझी चाहूल लागल्यावर तिला एकदम जोर आला.

"अरे दादा, तू बोल ना! तुझं ऐकते ती!"

मी घसा साफ केला. तेवढ्यात दार उघडलं. डोक्याला पंचा, हातात कंगवा. "काय झालंय? सव्वा तास शांतपणे केस धुवायला मिळाले आज, मला वाटलं आई बाहेर गेली!"

बहिणीने ते पान तिच्या नाकासमोर धरलं.

"प्रोजेक्ट आहे, आई. सायकॉलॉजीचा. एका विषयावर जी माहिती फिरते तिच्यातली कुठली भरवशाची आणि कुठली नाही, ते तपासायचं."

मी इतक्या जोरात हसलो की कल्याणपर्यंत ऐकू गेलं. बहीण खुर्चीत कोसळली. आमचे बाबा कोपऱ्यात शेंगदाणे सोलत होते. त्यांची सगळी नोकरी ठाण्याच्या कोर्टात कारकून म्हणून झाली. साक्षीदार खोटं बोलतोय हे त्यांना त्याच्या चपलांवरून कळायचं. ते म्हणाले, "वाच पाहू तुझा प्रोजेक्ट."

भाचीने फोनवरून वाचायला घेतलं. प्रत्येकाला दहापैकी मार्क. बातमीचा एक व्हिडिओ होता, रडकं संगीत लावलेला, 'मोबाईल काढून घेतला म्हणून' असं लाल अक्षरांत ओरडणारा. त्याला तीन. आईच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, 'एका प्रसिद्ध डॉक्टरांचा सल्ला: मुलांसमोर हा विषय चुकूनही काढू नका, काढला की डोक्यात बसतो.' डॉक्टरचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. त्याला एक.

"आणि टिटवाळ्याच्या मुलाची गोष्ट," ती म्हणाली. "दोन."

मी सरसावून बसलो. ती माझी गोष्ट. टिटवाळ्याच्या नव्या इमारतींतल्या एका मुलाची, मी ती घरोघरी सांगितलेली, बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

"दोन? अगं, ती खरी आहे!"

"गणपतीत तू सांगितलंस तेव्हा तो नापास झालेला. दिवाळीत त्याला नव्वद टक्के होते, पण प्रेमभंग झालेला. आत्याच्या बारशाला बापाने गाडी घेऊन दिली नव्हती."

"आत्याच्या नातीच्या," बाबांनी दुरुस्ती केली.

"तुला कोणी सांगितली, मामा?"

"रिक्षावाल्याने."

"तो ओळखायचा त्या मुलाला?"

"त्याच्या मेव्हण्याच्या इमारतीतला..." माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खोलीबाहेर गेला नाही.

"ऐकीव," बाबा म्हणाले आणि टरफलं वाटीत टाकली.

"एकच कारण ठासून सांगणारा भेटला की मी मार्क कापते," भाची म्हणाली. "जे लोक या मुलांबरोबर खरंच काम करतात ते कधी एवढं ठाम बोलत नाहीत. कारणं बरीच असतात, गुंतलेली, म्हणतात. माहीत नसलं तर नाही माहीत म्हणतात. आणि मदत कुठे मिळेल ते लिहितात." मग माझ्याकडे बघून हळूच, "मामा, त्या मुलाची आई ही गोष्ट ऐकत असेल ना कुठेतरी?"

तोंडात शेंगदाणा नव्हता तरी मला ठसका लागला.

बाबांनी वाटी खाली ठेवली. "एक सांग बाळ. विषय कॉलेजने दिला, की तू निवडलास?"

भाची कंगव्यातले केस काढत बसली.

"निवडला."

मला वाटलं, विचारावं. मी, जो मंत्र्याला भर सभेत टोकतो (इथे काट: 'नगरसेवकाला, तेही तो गेल्यावर'), मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बाकी... कॉलेजचं कँटीन कसं आहे?"

"विचारू नकोस दादा," बहीण पुटपुटली. तिला वाटलं मी तेच विचारायच्या बेतात आहे. "विचारलं की डोक्यात..."

"आई, त्याला एक मार्क आहे," भाची म्हणाली. "सरळ विचारल्याने काही डोक्यात शिरत नाही. भरवशाच्या सगळ्या ठिकाणी तेच लिहिलंय. उलट बोलायला सोपं जातं."

बहीण उठली. पलंगावर तिच्याजवळ टेकली. मघाशी दार बडवणारा तोच हात, तिने तो कुठे ठेवावा हे न कळून मांडीवर ठेवला. आणि इतक्या बारीक आवाजात बोलली की मी तिचा जन्मापासूनचा भाऊ, मलाही तो आवाज ओळखू येईना.

"तुझ्या मनात येतं का गं... जीव द्यायचं?"

"दिवाळीच्या आधी यायचं," भाची म्हणाली. "कॉलेजात समुपदेशनाच्या मॅडम आहेत, त्यांना सांगितलं. दर आठवड्याला जाते. आता खूप कमी झालंय. त्या म्हणतात, घरी सांग. मला जमत नव्हतं. म्हटलं, प्रोजेक्ट वाचून दाखवीन, मग आपोआप निघेल."

बहिणीने काही विचारलं नाही. मार्क, मोबाईल, मुलगा, काहीच नाही. तिने पंचा सोडवला आणि ओले केस पुसायला लागली. पुसून कोरडे झाले तरी पुसत होती. भाचीने डोकं तिच्या खांद्यावर टाकलं.

"पुढच्या खेपेला आम्ही आलो तर चालेल का," बाबा म्हणाले, "मॅडमना विचारून ठेव."

"चालेल. त्या तेच म्हणत होत्या."

मग तिला उरलेली पानं आणायची होती. झेरॉक्सवाला खाली जीव मुठीत धरून बसलेला असणार. मी पण निघालो. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर मी विचारलंच.

"मॅडमना सांगितलंस, बरं केलंस. पण मला का नाही गं? मी तुझा लाडका मामा ना?"

ती दोन पायऱ्या पुढे होती. थांबली नाही.

"तू त्याची गोष्ट केली असतीस."