कारभारीण दमली, असं मी सांगायचो

आमची कारभारीण चढावर बोलायची. बाकीची माणसं चढ लागला की गप्प होतात, हिचं उलट. सपाटीला घुम्यासारखी चालणार आणि चढण आली की तोंड सुरू. नाशकातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. गिरणीतून दळणाचा डबा डोक्यावर घेऊन ती जिना चढायची, तेव्हा खालपासून तिचा आवाज वर यायचा. दारात पोचेपर्यंत सगळ्या कॉलनीची खबर सांगून झालेली असायची. दम म्हणून नाही.

तिचं माहेर मार्कंड्या डोंगराच्या पायथ्याचं. लहानपणी शेळ्यांमागे तिने ती सगळी रांग तुडवलेली. मी सातपूरला कारखान्यात होतो. नव्वदच्या पुढेमागे आम्हा चार-पाच जणांना डोंगर चढायचा नाद लागला. सुटीच्या दिवशी पहाटे उठून ती भाकरी-ठेचा बांधून द्यायची आणि म्हणायची, "डोंगर माझ्या माहेरचा, आन् जाता तुम्ही. एकदा मलाबी न्या की." मी म्हणायचो, "बायकांचं काम नाय ते." माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्कल त्याहून कमी होती.

एका वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर नेली. गवत पिवळं पडलेलं, त्यावरून पाय सटकायचा. सकाळी मार्कंड्या चढलो, खिंडीत उतरलो. तिथून समोरचे रवळ्या आणि जवळ्या हे जोडडोंगर करायचे ठरले होते. ती काष्टा मारून सगळ्यांच्या पुढे. मागे वळून आमच्या फिटरला, सोनवण्याला, म्हणाली, "भावजी, हळू या. डोंगर काय पळून चालला नाय." सगळे हसले. मी हसलो नाही.

रवळ्याच्या चढावर माझी छाती भरून आली. पाऊल पुढे पडेना. मी दगडावर बसलो. बाकीचे पुढे निघून गेले होते. ती तेवढी उलटी खाली आली, पदराने वारा घातला, म्हणाली, "बसा निवांत. घाई नाय." वरून सोनवणे ओरडला, "काय रे, काय झालं?"

मी ओरडून सांगितलं, "ही दमली. बाईमाणूस. आम्ही खाली जाऊन थांबतो, तुम्ही या करून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी खाली बसली. दिवसभरात ती तेव्हाच पहिल्यांदा बसली.

उतरताना एवढंच म्हणाली, "जवळ्यावरनं आमची विहीर दिसती. बघायची व्हती." मी म्हणालो, "पुन्हा येऊ." पुन्हा नेली नाही. नेली असती तर खरं उघडं पडलं असतं.

ती गोष्ट मात्र मी लय वापरली. पाहुणे आले की सांगायचो, "हिला डोंगर बघायचा होता, आणि अर्ध्यातच बसली." पोरं हसायची. ती चहा गाळता गाळता म्हणायची, "बसले व्हते खरी." खोटं ती बोललीच नाही, आणि मलाही खोटं पाडलं नाही. सांगून सांगून शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी ती जिन्यावर गप्प झाली. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहायची. मला वाटलं, वय झालं, बडबड कमी झाली, बरं झालं. पोराला राहवलं नाही. तो तिला दवाखान्यात घेऊन गेला, मीही बरोबर होतो. डॉक्टरने विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

पोरगा म्हणाला, "आईला पहिल्यापासूनच आहे. तरुणपणी डोंगरावरनं अर्ध्यातून परत आली होती. हो ना, बाबा?"

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "हो, जुनंच आहे."

तिथेही तिने माझी लाज राखली. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. चार महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात नेली, तेव्हा तिथले म्हणाले, हृदय पार थकलंय, दम नव्याने लागायला लागला तेव्हाच आणायचं होतं. आठवड्यात गेली.

तेराव्याला सोनवणे आला होता. जेवणं झाल्यावर माणसं बसली आणि कोणीतरी तीच गोष्ट काढली. मी म्हणालो, "ती दमली नव्हती. मी दमलो होतो."

सोनवणे म्हणाला, "ते आम्हाला त्याच दिवशी माहीत होतं. वरनं सगळं दिसत होतं. येताना एस्टीत तुझा डोळा लागला, तेव्हा वहिनींनी हात जोडले. म्हणाल्या, त्यांना काही बोलू नका, मनाला लावून घेतील. म्हणून कोणी बोललो नाही."

म्हणजे ज्यांच्यापुढे मी खोटं बोललो, त्यांना खरं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पोराला.

तो उष्टी पानं उचलत होता. तसाच थांबला. म्हणाला, "बाबा, दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," मी म्हणालो.

तो पानं घेऊन बाहेर गेला.