विभागप्रमुखांचं पुस्तक

सत्तरच्या दशकात मी सुरतेच्या एका कॉलेजात स्थूल अर्थशास्त्र शिकवायचे. पुढच्या वर्षी कोणतं पुस्तक लावायचं, हे ठरवायची माझी एक पद्धत होती. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला महागाईचं प्रकरण वाचायला द्यायचं. त्याला ते मला समजावता आलं, तर पुस्तक पास. विभागप्रमुख यावर खो खो हसायचे. त्या वर्षी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि दुसरं खुद्द त्यांनीच लिहिलेलं, गुजरातीत. तो माणूस माझ्या डोक्यात जायचा, त्यामुळे माझं मत इंग्रजीकडे झुकलेलं.

दोन्ही पुस्तकं मी नवागामच्या एका मुलाला दिली. बाप कापडाच्या लूमवर कामाला, घरात अहिराणी, शाळा गुजराती. दोन वर्षं याच विषयात नापास. आता पुन्हा नापास झाला की बाप त्याला लूमवर उभा करणार होता.

महागाईवरून शहर पेटलं होतं. दगड, जळते टायर, अश्रुधूर. एके दिवशी पोलीस थेट कॉलेजात घुसले. स्टाफरूममध्ये मी आणि प्रमुख, दोघंच होतो. प्रमुखांनी कडी लावून घेतली. बाहेर दारावर थापा पडू लागल्या.

"मॅडम, दार उघडा! मारी ऱ्हायनात!"

आवाज त्या मुलाचा होता. मी धावले. प्रमुख दाराला पाठ लावून उभे.

"खोलशो नहीं बेन! पोलीस अंदर आवी जशे!"

पलीकडे लाठ्या पडत होत्या. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मी प्रमुखांच्या मनगटात नखं रुतवली, रक्त काढलं, एक सणसणीत मुस्काटात दिली. ते हलले तोवर बाहेर सगळं शांत झालं होतं. मुलगा उंबऱ्याशी पडला होता, दोन्ही पुस्तकं पोटाखाली धरून.

दवाखान्यात त्याचा उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये होता. जबडा सुजलेला, तरी त्याने मला महागाईचं अख्खं प्रकरण समजावलं. कुठे अडखळला नाही.

"सरांचं लावा मॅडम. यात मी पास होईन. त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो."

मी चरफडत घरी आले. त्या माणसाचं पुस्तक चुलीत घालावं असं वाटत होतं.

पुस्तक ठरवायच्या बैठकीत प्रमुख मनगट झाकणारा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आले होते. मी त्यांच्याच पुस्तकासाठी हात वर केला. ते माझ्याकडे बघून हसले, आभार मानल्यासारखे. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही.