वंदनाताई आणि लाळेची काडी

दारव्हा रोडच्या आमच्या नाक्यावरून गाड्या निघून जातात, किस्से मागे राहतात. ट्राफिकवाले आम्ही चौघं चहाला जमलो की ते निघतात. त्यातले निम्मे आमच्या हवालदार वंदनाताईंचे. सांगताना माझी छाती फुगतेच.

दारू प्यालेल्या ड्रायव्हरने मशीनमध्ये फुंकलं की तो सापडतो. गांजा ओढलेल्याला मशीन झिरो दाखवते. म्हणून आम्हाला ट्रेनिंग मिळालं, लाळ तपासायच्या किट आल्या. कापसाची काडी तोंडात फिरवायची. काडीत काही निघालं की रक्ततपासणीला दवाखान्यात.

*

गांजाने वेळेचं भान सुटतं. एका जीपवाल्याने फुंकलं. झिरो. "जाऊ का, मॅडम?"

ताई म्हणाल्या, "डोये मिटून उभा राह्य. अर्धा मिनिट झाला असं वाटलं की सांग."

गडी उभा राहिला. आमचा चहा आला, पिऊन झाला, गडी उभाच. जीपमधली म्हातारी खाली उतरली. "बाई, मले एसटीत बसवून दे."

*

राळेगावचे एक काका मोटारसायकलवर आले. डोळे लालभडक. मला वाटलं, सापडला. ताईंनी काडी फिरवली. काहीच नाही.

"काका, डोये काहून लाल?"

"सकाळपासून तिखट कांडून राह्यलो, बाई. लेकीकडे नेतो." त्यांनी पिशवी उघडून दाखवली आणि अख्खा नाका शिंकायला लागला.

ताई नाक पुसत मला म्हणाल्या, "नुसत्या डोयावरून कोणाले गंजेडी म्हणू नको." तेव्हापासून आमच्या नाक्यावर कोणी म्हटलेलं नाही.

*

गांजाने तोंड कोरडं पडतं. एका ट्रकवाल्याच्या काडीला लाळच लागेना. ताईंनी त्याच्यापुढे कैरी, मीठ, तिखट असं रसाळ वर्णन सुरू केलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं नाही. आमच्या साहेबांनी मात्र कैऱ्या आणवल्या.

*

ताईंचा धाकटा भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा. एका सकाळी ताईंनीच ती अडवली. भावाचे डोळे जड, बोलणं संथ. मागे लेकरं.

"ताई, मी हाओ."

"दिसून राह्यलं. उतर खाली."

त्यांनी किट माझ्या हातात दिली. "तू कर. बहिणीनं केलेली तपासणी कोणी खरी मानणार नाही." 

काडीने दाखवलं, नंतर रक्तानेही. लेकरांना ताईंनी स्वतः व्हॅन चालवत शाळेत पोचवलं. भावाचं लायसन्स गेलं. आईने ताईंशी बोलणं टाकलं. तरी त्याला व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरकडे ताईच नेत राहिल्या.

यंदा भाऊबीजेला ताईंनी आम्हाला फराळाला बोलावलं होतं. भाऊ पाटावर बसला. ताई ताट घेऊन पुढे आल्या, तर त्याने मोठा आ केला.

"हे काय?"

"पहिले तपास," तो म्हणाला. "मंग ओवाळ."

ताईंनी ताट खाली ठेवलं आणि त्याच्या तोंडात अख्खी करंजी कोंबली.