नकाशाखालचं स्टूल

नगरपरिषदेने शहराचा नवा विकास आराखडा लोकांनी पाहावा म्हणून कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे, पण इतका उंच की तो फक्त पालींनाच वाचता यावा. शेवटी आमच्या गल्लीतल्या मंदाकाकूंनी घरून स्टूल आणलं.

मी हरकत नोंदवायला गेलो होतो, ते विसरून बघतच राहिलो. स्टुलावर चढणारा प्रत्येकजण आधी स्वतःचं घर शोधतो. मंदाकाकूंनी बोट टेकवलं आणि त्या ओरडल्या, "अगंबाई, हे काय आमचं घर!" रोज राहतात त्या घरात, तरी आनंद असा की जणू माहेरच दिसलं. मग बोट हळूहळू शेजाऱ्यांकडे, पिठाच्या गिरणीकडे, शाळेकडे फिरायला निघतं. सगळं गाव आपलं वाटायला एवढं एक बोट पुरतं.

आणि सगळी बोटं शेवटी शाळेमागच्या मैदानावर थांबतात. जुन्या नकाशात ते हिरवं होतं. आता पिवळं आहे, म्हणजे तिथे इमारती. बोटं टेकून टेकून तिथला रंग उडत चाललाय.

"हा पिवळा काही टिकायचा नाही," काकू खुशीत म्हणाल्या.

हरकतींचे अर्ज वाटणारे कारकून भाऊसाहेबही जेवणाच्या सुट्टीत हळूच स्टुलावर चढले. घर सापडलं तसे हसले. मग त्यांचंही बोट मैदानावर थांबलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"आम्हाला कोण सांगतंय!"

ते खाली उतरले, गठ्ठ्यातला एक कोरा अर्ज काढला आणि माझ्याकडे पेन मागितलं.