ठेवलेला हुंदका

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. स्टुडिओत काचेअलीकडे बसून तो गाणाऱ्यांचे श्वास, खाकरणं, खुर्चीची करकर असा सगळा केरकचरा वेचून काढायचा. घरी मात्र बायकोनं तीनदा हाक मारली तरी स्वारीला ऐकू जायचं नाही. ती वैतागली की म्हणायचा, कान कामावरच ठेवून आलोय.

त्यांची मुलगी जेमतेम महिन्याची होऊन गेली. भर दुपारी, तो कामावर असताना. बाळ माझ्या मांडीवर होतं, मी जागी होते, बघता बघता गेलं, असं बायकोनं सगळ्यांना सांगितलं. यात कुणाचाच दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर घरात त्या दुपारचं नाव निघालं नाही.

ती हॉटेलांत, समारंभांत दुसऱ्यांची गाणी गायची. तेही वर्षभर बंद होतं. मग एक दिवस स्वतःच लिहिलेलं गाणं घेऊन उठली. नवऱ्याला शब्द दाखवले नाहीत. संगीतकाराला चाल आवडली, रेकॉर्डिंग ठरलं, आणि काचेअलीकडे अर्थातच हा.

पहिलं कडवं सुरळीत झालं. दुसऱ्यात ती गायली, मला डोळा लागला होता, जाग आली तेव्हा तू गार होतीस. हे तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता, तेही हेडफोनमधून. तिथंच तिला हुंदका फुटला. उठावं, दार ढकलून आत जावं, तिला जवळ घ्यावं, हे त्याला कळत होतं. पण हात बटणावर होता, आणि त्या हातानं सवयीनं, आवाज फाटू नये म्हणून, पातळी अलगद खाली घेतली. हुंदका स्वच्छ आला.

"हाच टेक," संगीतकार म्हणाला. "याला हात लावू नकोस."

जन्मभर लोकांचे श्वाससुद्धा पुसत आलेल्या माणसानं बायकोचं रडणं तेवढं ठेवलं.

गाणं बघता बघता सगळीकडे झालं. टॅक्सीत, केस कापायच्या दुकानात, शेजारच्यांच्या खिडकीत तेच. अनोळखी बायका तिला मिठी मारून आपापलं सांगायच्या, आणि तेवढ्यापुरतं तिला हलकं वाटायचं. पण कार्यक्रमांत लोक दुसऱ्या कडव्याला मोबाइल वर धरून हुंदक्याची वाट बघू लागले. एकदा तो आलाच नाही, तर टाळ्या बेताच्याच पडल्या. मग ती घरी तयारी करू लागली. ओट्याशी उभं राहून ओळ, मग हुंदका, पुन्हा ओळ, पुन्हा हुंदका. त्याला विचारायची, बरोबर येतोय का? हाही शहाणा सांगायचा, किंचित उशिरा घे.

गाण्याबद्दल दोघं तासन्‌तास बोलायचे. त्या दुपारबद्दल अवाक्षर नाही. तुला झोप लागली म्हणून ती गेली नाही गं, एवढं वाक्य त्याच्या ओठांवर यायचं आणि तिथंच अडून बसायचं.

परवा सकाळी कपाट आवरताना तिला बाळाचा एक मोजा सापडला. तो आंघोळ करून आला तर ती पलंगावर बसून रडत होती. तो दारातच थांबला. आज हुंदका अगदी जागेवर आला, हे त्याच्या मनात सगळ्यात आधी आलं.

तिनं वर पाहिलं. मान किंचित कलती करून ऐकायची त्याची ती लकब तिला पाठ होती.

"अरे," ती म्हणाली, "हे खरंय."